खोट्या टीबीची पिशवी: पेनड्राइव्ह दुरुस्तीच्या नोंदी

९ जून २०२५

घोडबंदर रोडवरच्या फोटोग्राफर दादांनी पिशवीभर पेनड्राइव्ह आणून काउंटरवर ओतले. लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ ते गिऱ्हाइकाला पेनड्राइव्हवर देतात. यंदाच्या लग्नसराईत कुठूनतरी ‘१ टीबी’ आणि ‘२ टीबी’ छापलेला लॉट स्वस्तात उचलला. आता फोन यायला लागलेत: हळदीचे फोटो उघडतात, पण सप्तपदीपासून पुढचं काहीच नाही. फाइलचं नाव दिसतं, साइज दिसते, डबल क्लिक केलं की करडा चौकोन.

“अरे, देताना मी लॅपटॉपवर उघडून दाखवलं होतं. तेव्हा सगळं चालत होतं!”

चालत असणारच. नुकतीच कॉपी केलेली फाइल उघडली तर विंडोज बऱ्याचदा ती रॅममधूनच देतं, पेनड्राइव्हपर्यंत जातच नाही. ड्राइव्ह काढून परत लावला की मगच पितळ उघडं पडतं. नावं शाबूत राहतात याचंही कारण साधं आहे. फाइलींची यादी बहुतेक वेळा ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात लिहिली जाते आणि तेवढी खरी जागा आत असते, बाकीचा ‘१ टीबी’ नुसता आकडा. तीस खुर्च्यांच्या हॉलची हजार पाहुण्यांची पावती फाडावी, तसा प्रकार.

कामाला हात लावण्याआधी दादांना एकच विचारलं: यातल्या कशावर एकुलती एक कॉपी आहे का? फॅक्टरीचं टूल, म्हणजे ड्राइव्हच्या आतला प्रोग्रॅम (फर्मवेअर) नव्याने लिहिणारं सॉफ्टवेअर, चालवलं की आतलं सगळं कायमचं जातं, मग कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर लावा. दादांकडे सगळं हार्ड डिस्कवर आहे, त्यामुळे ते निश्चिंत. आमच्या मागच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी काका मात्र त्याच वेळी त्यांचा एक ड्राइव्ह घेऊन आले. त्यात सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचे कागद आहेत आणि दुसरी कॉपी नाही. तो वेगळ्या डबीत, वर चिठ्ठी: ‘टूल लावू नये’.

११ जून

आधी २ टीबीवाले. विंडोज १.९५ टीबी दाखवतंय. इथेच पाल चुकचुकायला हवी. कंपन्या २ टीबी म्हणजे २ लाख कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजतं. म्हणून खरा २ टीबी १.८१ दिसतो आणि खरा १ टीबी ९३१ जीबी. जास्त दिसला म्हणजे फायदा झाला असं नाही, कुणीतरी आकडा हाताने टाकलाय असा त्याचा अर्थ.

तपासणीचं जुनं, भरवशाचं साधन म्हणजे एचटूटेस्टडब्ल्यू. जर्मनीच्या ‘सीटी’ मासिकासाठी हाराल्ड ब्योगेहोल्त्स यांनी लिहिलेलं. एकेक जीबीच्या फाइलींनी ड्राइव्ह काठोकाठ भरतं आणि परत वाचून ताडून बघतं. यापेक्षा प्रामाणिक टेस्ट नाही. पण हे ड्राइव्ह सेकंदाला १० एमबीने लिहितात. त्या हिशोबाने १ टीबी भरायलाच जवळपास २८ तास, वाचायचे वेगळे. पिशवीभर ड्राइव्हना असं करत बसलो तर गणपती इथेच बसवावे लागतील.

म्हणून लिनक्सवर एफथ्री. फाइट फ्लॅश फ्रॉड, लेखक मिशेल मशाडो. त्यातलं एफथ्रीप्रोब सगळा ड्राइव्ह भरत नाही. ठरावीक ठिकाणी खुणा लिहितं, त्या परत वाचून पाहतं आणि खरी हद्द कुठे संपते ते काही मिनिटांत सांगतं. १ टीबीवाल्यांतल्या पहिल्याच ड्राइव्हचा निकाल: जाहीर १ टीबी, वापरता येण्याजोगं ७.३ जीबी. प्रकार ‘लिंबो’. म्हणजे हद्दीपलीकडे लिहिलेलं कुठेच जात नाही, कंट्रोलर (ड्राइव्ह चालवणारी चिप) “लिहिलं” म्हणतो आणि फेकून देतो.

दुसऱ्या एका ड्राइव्हचा प्रकार ‘रॅपअराउंड’ निघाला, आणि हा जास्त घातक. हद्द संपली की लिखाण वळून पुन्हा पहिल्या जागेवर येतं. नवे फोटो जुन्यांच्या डोक्यावर बसतात आणि शेवटी फाइलींची यादीही पुसली जाते. “ड्राइव्ह एकदम कोराच झाला” असं ज्या गिऱ्हाइकाने दादांना सांगितलं, त्याचा हाच असणार.

एफथ्रीसोबत एफथ्रीफिक्स येतं. ते खऱ्या जागेएवढंच पार्टिशन करून देतं. काम चालतं, पण फर्मवेअर तसंच्या तसं राहतं. उद्या कुणी विंडोजच्या डिस्कपार्टमध्ये क्लीन मारून फॉरमॅट केलं की १ टीबी पुन्हा हजर. मला थापेचं मूळच काढायचंय.

१३ जून

उघडाउघडी. धातूची खोळ नखाने सरकते, आत एवढासा बोर्ड. बहुतेकांत एकच कहाणी: एका बाजूला फर्स्टचिप कंपनीचा कंट्रोलर, दुसऱ्या बाजूला ४८ पायांची नॅंड चिप, जिच्यात फाइली साठतात. चिपवरचं छापील नाव घासून काढलंय. भिंगाखाली उजेड तिरका धरला की पॉलिश पेपरचे ओरखडे स्पष्ट दिसतात. काहींमध्ये वेगळी चिप दिसतच नाही, काळ्या राळेच्या थेंबाखाली सगळं बंद.

दोन-तीन ड्राइव्हमध्ये तर मायक्रोएसडी कार्ड निघालं, रीडरच्या बोर्डवर थेट सोल्डर करून वर टेप. हे माझ्या कामाचे नाहीत. इथे थाप कार्डाच्या स्वतःच्या कंट्रोलरमध्ये आहे आणि तिथवर जाणारं टूल माझ्याकडे नाही. त्यांना एफथ्रीफिक्स लावून वेगळं ठेवलं.

बाकीच्यांची ओळख चिपजीनिअस नावाच्या प्रोग्रॅमने काढली. त्यातला व्हीआयडी-पीआयडी, म्हणजे यूएसबीचा कंपनी क्रमांक आणि वस्तू क्रमांक, यावर विसंबू नये. तो फर्मवेअरमध्ये लिहिलेला मजकूर आहे, टाकणारा कुणाचाही टाकू शकतो. एका ड्राइव्हवर ०५८एफ-६३८७ दिसलं, हा आल्कोर मायक्रो या दुसऱ्या कंट्रोलर कंपनीचा नेहमीचा क्रमांक. आत बघतो तर कंट्रोलर फर्स्टचिपचा! भरवसा ठेवायचा तो फ्लॅश आयडीवर, कारण तो नॅंड चिप स्वतः सांगते. पहिल्या बाइटवरून घराणं कळतं: ९८ असेल तर तोशिबा (२०१९पासून नाव किओक्शिया), ईसी म्हणजे सॅमसंग, एडी म्हणजे हायनिक्स, २सी मायक्रॉन, ४५ सॅनडिस्क, ९बी म्हणजे चीनची वायएमटीसी. नाव घासता येतं, आयडी घासता येत नाही.

या लॉटमध्ये सगळी घराणी नांदताहेत. एकाच रंगाच्या, एकाच छपाईच्या खोळीत दोन वेगळ्या कंपन्यांच्या चिपा. उरल्यासुरल्या, नापास मालाच्या असाव्यात असा माझा अंदाज.

१६ जून

टूल. यांना एमपीटूल म्हणतात, मास प्रॉडक्शनचं. फॅक्टरीत एकाच वेळी हबवर सोळा-सोळा ड्राइव्ह लावून फर्मवेअर ओतण्यासाठी बनवलेलं. कंट्रोलर कंपनी ते गिऱ्हाइकाला देत नाही. तिथून निसटून रशियन आणि चिनी साइटवर साठतं. कंट्रोलर बदलला की टूल बदलतं: आल्कोरचं वेगळं, सिलिकॉन मोशनचं वेगळं, फायसनचं वेगळं. एकाच टूलच्याही ढीगभर आवृत्त्या, कारण प्रत्येकीत तेव्हाच्या नॅंड चिपांची यादी असते. आपला फ्लॅश आयडी यादीत नसेल तर लाल चौकट, पुढची आवृत्ती शोधा. खूप नवी घेतली तर जुनी चिप यादीतून गेलेली असते. दिवस यातच गेला.

हे सगळं नेहमीच्या मशीनवर करायचं नाही. अँटिव्हायरस अशा प्रत्येक फाइलवर ओरडतो. कधी उगाच, कधी खराच. त्यासाठी एक जुना लॅपटॉप ठेवलाय: विंडोज ७, ३२ बिट, वायफाय कार्ड काढून टाकलेलं. नॉन-युनिकोड प्रोग्रॅमची भाषा चिनी केली, नाहीतर बटणांवर नुसती प्रश्नचिन्हं येतात.

या कामात एक गोष्ट कायम डोक्यात ठेवावी लागते. या स्वस्त कंट्रोलरमधलं फर्मवेअर बदलायला कुणाची सही लागत नाही, कुलूप नाही. २०१४ साली लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी ‘बॅडयूएसबी’ दाखवलं: पेनड्राइव्हचं फर्मवेअर बदललं आणि तो कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून भेटला, स्वतःच कमांड टाइप करायला लागला. त्याच वर्षी अ‍ॅडम कॉडिल आणि ब्रँडन विल्सन यांनी फायसनच्या एका कंट्रोलरसाठीचा असा कोड उघड केला. दादांच्या ड्राइव्हवर ज्याने १ टीबी लिहिला तोही याच वाटेने आत शिरला, आणि मी दुरुस्तीला शिरतोय तोही इथूनच. हे दार बंद असतं तर दादा फसले नसते आणि माझ्याकडे कामही आलं नसतं.

१८ जून

पहिला ड्राइव्ह टूलला लावला. सेटिंगच्या खिडकीत खरं काम तीन गोष्टींचं आहे.

स्कॅन: वरवरचा न ठेवता लो-लेव्हल. टूल प्रत्येक ब्लॉक पुसतं, लिहितं, वाचतं आणि वाईट ब्लॉकांची यादी नव्याने बनवतं. घाई असणारे इथे ‘फास्ट’ निवडतात. मग ड्राइव्ह हिरवा पास होतो आणि आठवड्यात परत येतो.

ईसीसी (चूक-दुरुस्ती): एका तुकड्यात किती बिट चुकले तर तो ब्लॉक बाद करायचा, ती मर्यादा. प्रत्येक नॅंडमध्ये बिट चुकतातच, कंट्रोलर ते गणिताने दुरुस्त करतो. मर्यादा सैल ठेवली तर कपॅसिटी जास्त मिळते, पण काठावरचे ब्लॉकही पास होतात. याच ड्राइव्हवर सैल ठेवून ७.२ जीबी आले, कडक केल्यावर ६.४. मी कडक ठेवली. वरचे ८०० एमबी घेऊन करायचं काय, पुढच्या महिन्यात तेच रडणार.

तिसरं, कपॅसिटीचा चौकोन. तो ‘ऑटो’वर सोडला. फॅक्टरीला तो लागतो, कारण लॉटमधले सगळे ड्राइव्ह एकाच साइजचे दिसायला हवेत, म्हणून थोडं छाटून समान करतात. पण चौकोन खाली छाटू देतो तसा वरही जाऊ देतो. सगळा १ टीबी या एका चौकोनात जन्मलाय.

संध्याकाळी दुसरा ड्राइव्ह स्कॅनला लावला. नौपाड्यात पावसाने धरलं आणि सातच्या सुमाराला लाईट गेली. लॅपटॉपच्या बॅटरीत दम नाही. लाईट आल्यावर तो ड्राइव्ह लावला तर काहीच नाही. आवाज नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नोंद नाही. अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर वाचायला जाऊन कंट्रोलर तिथेच अडकला.

१९ जून

कालच्या मेलेल्याला उठवलं. तपशीलात लिहितो, कारण हे नीट लिहिलेलं फारसं सापडत नाही.

कंट्रोलरच्या पोटात छोटा, न पुसता येणारा रॉम कोड असतो. मुख्य फर्मवेअर मात्र नॅंडमध्ये असतं. वीज मिळाली की रॉम नॅंडकडे जाऊन फर्मवेअर मागतो. ते मोडकं असेल तर अडकतो. नॅंडशी बोलणंच झालं नाही तर मात्र तो मुकाट टेस्ट मोडमध्ये थांबतो, आणि टूलला तो तिथे दिसतो. म्हणजे वीज लागण्याच्या क्षणी दोघांचं बोलणं तोडायचं. त्यासाठी नॅंडच्या दोन डेटा पिना एकमेकींना टेकवायच्या.

४८ पायांच्या चिपवर टिंब असतं, तिथे पिन १. त्या बाजूने उतरत २४, मग समोरच्या बाजूला खालून वर २५ ते ४८. डेटाच्या पहिल्या दोन पिना २९ आणि ३०, म्हणजे २५च्या कोपऱ्यापासून पाचवी आणि सहावी. भिंगाखाली टाचणीच्या टोकाने मोजायचं, दोनदा. १२-१३ आणि ३६-३७ या जोड्यांना चुकूनही हात नाही. तिथे वीज आणि ग्राउंड शेजारी-शेजारी बसलेत, टेकले की बोर्ड गेला.

बोर्ड यूएसबीच्या एक्स्टेंशन वायरला लावायचा, नाहीतर लॅपटॉपच्या पोर्टशी हात पोचत नाही. डाव्या हाताने बारीक टोकाचा चिमटा २९-३०वर, उजव्या हाताने प्लग आत. विंडोजचा ‘टुडुंग’ आला की चिमटा लगेच उचलायचा. उचलला नाही तर टूललाही नॅंड वाचता येत नाही आणि ते फ्लॅश आयडी शून्य दाखवतं. लावायला गेलं की हात थरथरतो, चिमटा घसरतो, सरावानेच जमतं. जमलं तेव्हा टूलच्या पहिल्या खणात कंट्रोलरचं नाव उमटलं. स्कॅन पुन्हा सुरू, यावेळी लॅपटॉप इन्व्हर्टरच्या बोर्डावर. रात्री हिरवा.

काळ्या थेंबवाल्या ड्राइव्हना पायच नसतात, त्यामुळे ही युक्ती त्यांना लागू नाही. ते मेले की मेले.

२३ जून

सेक्रेटरी काकांचा ड्राइव्ह. हा अस्सल ब्रँडचा, बिलासकट घेतलेला, वर्षानुवर्षं वापरलेला. दोष: ‘राईट प्रोटेक्टेड’. काकांच्या भाच्याने इंटरनेटवर बघून डिस्कपार्टमध्ये रीडओन्ली काढायची कमांड मारून पाहिली होती. ती विंडोजची पाटी काढते. इथे पाटी विंडोजने लावलेली नाही, कंट्रोलरने लावली आहे. राखीव ब्लॉक संपले की कंट्रोलर लिहिणं बंद करतो, म्हणजे निदान आहे ते वाचता यावं. खोटे ड्राइव्ह जागा नसताना “हो” म्हणतात, हा जागा संपल्यावर “नाही” म्हणाला.

त्यामुळे दुरुस्ती नाही, फक्त काढून घेणं. लिनक्सवर डीडीरेस्क्यू. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागांची नोंद नकाशा-फाइलमध्ये ठेवतं आणि नंतर त्यांच्याकडे परत जातं. मध्ये थांबवलं तरी जिथे होतं तिथून पुढे सुरू. ड्राइव्ह हाताला गरम लागायला लागला की थांबवायचं, गार झाला की पुन्हा. एक स्कॅन केलेली फाइल सोडून सगळं आलं, आणि तिचा कागद काकांच्या कपाटात आहे म्हणे.

“बाळा, आता हा ठीक करून दे, हाच वापरतो.”

म्हटलं, काका, टूल लावून उघडता येईल. पण ज्या झिजलेल्या ब्लॉकांमुळे त्याने दार लावलं त्यांच्यावरच पुन्हा कागद ठेवायचे का? दोन नवे घ्या, एक तुमच्याकडे, एक खजिनदारांकडे. खजिनदारांशी बोलणं नाही असं कळलं. मग चेअरमनकडे.

२७ जून

बाकीचा लॉट सरसकट. विशेष लिहिण्यासारखं नाही. बहुतेक ६ ते ७ जीबीवर थांबले, थोडे १४च्या आसपास, एक २९ जीबीचा निघाला. दादांनी तेवढ्यावरही टाळी दिली. काही लालच राहिले, नॅंडच गेलेली. प्रत्येक हिरव्यावर एचटूटेस्टडब्ल्यू पूर्ण, कारण आता भरायला ६-७ जीबीच आहेत, चहा होईपर्यंत लिहून होतं. खोळीवरचा ‘१ टीबी’ थिनरने पुसून मार्करने खरी साइज.

१ जुलै

शेजारच्या गाळ्यातला मोबाइल अ‍ॅक्सेसरीजवाला डोकावला. त्याच्याकडे ८ जीबीचे जुने ड्राइव्ह पडून आहेत, कुणी घेत नाही.

“भाऊ, तुझ्याकडे मशीन आहे ना? १२८ दाखव फक्त. गाणी भरणारी पोरं घेतात, कोण शेवटपर्यंत भरतंय?”

चौकोन समोरच उघडा होता. आकडा टाकायचा आणि स्टार्ट, एवढंच काम. मी म्हटलं, तुझ्याच गिऱ्हाइकाने रडत आणला तर दुरुस्तीला माझ्याकडेच येणार, आणि मी त्याला कुठून घेतला ते विचारणार. तो हसला, “तुझं तत्त्व तुला लखलाभ,” म्हणाला आणि चहा सांगून गेला. पैसे मात्र मी दिले.

९ ऑगस्ट

शेवटची तपासणी मुद्दाम लांबवली होती. नॅंडमध्ये माहिती म्हणजे साठवलेला विद्युतभार. टीएलसी चिपमध्ये एका सेलमध्ये तीन बिट, म्हणजे भाराच्या आठ पातळ्या ओळखायच्या. झिजलेल्या सेलमधून भार हळूहळू गळतो. लिहिल्यावर लगेच वाचलं तर सगळं छान दिसतं. म्हणून जूनअखेरीस पास झालेले सगळे ड्राइव्ह एचटूटेस्टडब्ल्यूच्या फाइलींनी भरून खोक्यात ठेवले होते, वीज न देता. काल आणि आज फक्त वाचून पडताळले.

बहुतेक जसेच्या तसे. काहींमध्ये चुका निघाल्या, आणि त्यातले बरेचसे मी तुलनेसाठी ईसीसी सैल ठेवून बघितलेल्या गटातले. कडक गटातलाही एक गळला. ते सगळे, लाल राहिलेल्यांसकट, ई-कचऱ्याच्या डब्यात. टाकण्याआधी पक्कडीने चिप मोडली, म्हणजे कुणी उचलून पुन्हा रंगवणार नाही.

उरलेले दादांना परत दिले ते अल्बमसाठी नाही, हे कागदावर लिहून दिलं. अल्बमसाठी त्यांनी बिलावर ६४ जीबीचे घेतलेत आणि ते आधी माझ्याकडे आणले. खरे आहेत, विंडोजमध्ये ५८च्या आसपास दिसतात. फॉरमॅट एक्सफॅट, कारण फॅट३२मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि लग्नाचा व्हिडिओ त्याहून मोठाच असतो.

लहान ड्राइव्ह गणेश मंडळाची पोरं घेऊन गेली, आरत्या आणि गाण्यांसाठी. ते सगळे फॅट३२ करून दिले. मंडळाचा स्पीकर एक्सफॅट वाचत नाही.